समालोचकाची रजा

सोमवार, २ मार्च

आज अधीक्षकांनी रुग्ण-सुरक्षा समितीचं प्रमुखपद माझ्या गळ्यात मारलं. "तुमच्याइतका अनुभव कुणाकडे आहे, मॅडम?" म्हणाले. याचा अर्थ एवढाच, की बाकी सगळ्यांनी आधीच अंग काढून घेतलंय. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ते दुसऱ्या कुणाशी तरी फोनवर बोलायलाही लागले होते.

एकतीस वर्षं मी लोकांना भूल देतेय. आभाराची पत्रं सर्जनला येतात. भूल देणारीचा चेहराही पेशंटला आठवत नाही. त्याचं वाईट वाटणं केव्हाच संपलं. हल्ली वाटतो तो फक्त थकवा. पूर्वी दिवसाला सात-सात केसेस करून घरी गेल्यावर मुलीचा अभ्यास घ्यायचे. आता चार झाल्या की डोकं असं जड होतं, जणू दिवसभर परक्या भाषेतलं भाषण ऐकून आलेय.

डायरी लिही म्हणजे हलकं वाटेल, हे मुलीचंच सांगणं. तेही मेसेजवर. पूर्वी रोज फोन करायची. ही पिढीच बोलायला कंटाळलीय.

बुधवार, ४ मार्च

समितीची पहिली मोहीम ठरली: ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, गोंगाट. एसीची घरघर, सक्शनची खरखर, सर्जनची गाणी, आणि त्यात सगळ्यांचं मास्कआडून पुटपुटणं. स्पष्ट बोलायची पद्धतच गेली.

आणि आमचा समालोचक. माझ्या ओटीतला भूल-टेक्निशियन. चाळिशीचा, कामाला एकदम चोख. मशीन तपासणं, नळ्या मापाप्रमाणे लावून ठेवणं, प्रत्येक सिरिंजवर चिठ्ठी डकवणं, यात त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण तोंड! मॉनिटरवरचे आकडे चालू सामना सांगावा तसे सांगत राहतो. "अठ्ठ्याण्णव, मॅडम. नाडी बहात्तर. सत्त्याण्णव. आता परत अठ्ठ्याण्णव." म्हणून तर हे नाव पडलं. गंमत अशी, की शेजारच्या ओटीत हाच माणूस मुका. तिथला तरुण भूलतज्ज्ञ म्हणाला, "आमच्याकडे तर एक अक्षर बोलत नाही." म्हणजे हा छळ फक्त माझ्या वाट्याला.

मला आकडे सांगावे लागत नाहीत. पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन उतरला की मॉनिटरची टिकटिक खालच्या पट्टीत जाते. शिकत असताना आमचे सर मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि नुसत्या आवाजावरून आकडा विचारायचे. मी एकदाच चुकले, तेही एकाने. सर म्हणाले होते, "हिचे कान कपाटात कुलपात ठेवा रे कुणीतरी." डोळे पेशंटवर, कान मॉनिटरवर, हे मी पुढे शेकडो पोरांच्या डोक्यात घातलं.

तर आज भिंतीवर कागद लावला: भूल चालू असताना अनावश्यक बोलणं बंद. समालोचक कागदापुढे उभाच राहिला.

"मॅडम, आकडे तरी..."

"मला कान आहेत," मी म्हटलं.

त्याने सिस्टरांकडे बघितलं. आमच्या सिस्टर बारा वर्षं माझ्याबरोबर आहेत, कुणाचंही ऐकून घेत नाहीत. आज मात्र मान खाली घालून गॉजचे तुकडे मोजत राहिल्या.

शनिवार, ७ मार्च

सुट्टी. दुपारी झोपले तरी शीण गेला नाही.

घरातली बेल बिघडलीय. चार वेळा सांगून झालं, नवरा दुरुस्त करत नाही. तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झाला, आता दिवसभर खिडकीत बसून कोण येतंय ते बघत असतो बहुतेक, कारण बेल न वाजताही दार उघडायला बरोबर उठतो.

टीव्हीवरची माणसंसुद्धा पुटपुटतात. आवाज तीसवर ठेवावा लागतो. नवऱ्याच्या कानात कापूस. गार हवा बाधते म्हणे. मार्चमध्ये! आज बातम्या संपल्यावर कापूस काढून म्हणाला, "अगं, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? दोघंही?"

"तू जा की," मी म्हटलं. "कापूस कोंबून कोंबून मळ साठला असेल."

तो हसला आणि चहा टाकायला गेला. भांडत नाही, हा त्याचा जुना दोष.

सोमवार, ९ मार्च

ओटीत शांतता. काय सुख! समालोचक गप्प आहे. पण आता नवीनच खूळ. माझ्या आणि ट्रॉलीच्या मध्ये येऊन उभा राहतो, मॉनिटरवर डोळे लावतो आणि मधेच माझ्याकडे बघून भुवया उडवतो. एकदा तर चक्क कोपराने ढोसलं. बघितलं तर आकडा ब्याण्णव. "एवढं काय?" मी विचारलं. तोंड मिटून उभा. नियम पाळतोय हे दाखवायची हौस.

सिस्टर म्हणाल्या, त्याच्या आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, गावी, २३ तारखेला. सोमवार, माझ्या केसेसचा वार. मी त्याला म्हटलं, जाऊन ये. "बघू, मॅडम," म्हणाला. मागच्या वर्षी पहिल्या डोळ्याच्या वेळीही असाच. आई तिकडे टेबलावर आणि हा इथे माझ्यापुढे हजर. "बहीण आहे तिथे," म्हणाला होता. असतात अशी कोरडी माणसं. घरी कुणी उभं करत नसेल.

शुक्रवार, १३ मार्च

आजचं क्रमाने लिहून काढते. काही सुटायला नको.

दुसरी केस. शाळेची बस चालवणारी बाई, चव्वेचाळीस वर्षांची, पित्ताशय काढायचं, दुर्बिणीने. सकाळी तपासायला गेले तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, झोपेपर्यंत ठीक आहे हो. पण उठेन ना मी?" मी म्हटलं, "झोपवायला कुणीही झोपवेल. उठवण्याचा पगार आहे मला." ती हसली. सोमवारपासून शाळेच्या परीक्षा, बस कोण चालवणार याचीच तिला काळजी.

भूल दिली, श्वासाची नळी बसवली, दोन्ही फुप्फुसांत हवा जातेय ते तपासलं. सर्जनने पोटात वायू भरला. समालोचक नेहमीसारखा माझ्या डोक्यावर उभा. त्याचं ते टक लावून बघणं इतकं डोक्यात गेलं, की मी त्याला पुढच्या पेशंटचे कागद आणायला बाहेर पाठवलं. मग मॉनिटरकडे पाठ करून ट्रॉलीवर दुखण्याचं इंजेक्शन भरायला घेतलं. सिस्टर मास्कआड काहीतरी बडबडत होत्या. मी हाताने थांबवलं, नियम तो नियम.

एकदम दार धाडकन उघडलं आणि समालोचक ओरडला, "मॅडम, अठ्ठ्याहत्तर!"

वळले. पडदा लाल. अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर. सर्जनला वायू सोडायला सांगितलं, ऑक्सिजन पूर्ण केला. नळी बांधली होती तिथेच होती, पण वायूने पोट फुगलं की फुप्फुसं वर ढकलली जातात आणि तीच नळी आत एका फुप्फुसात शिरते. पुस्तकात पहिल्याच पानावर असतं हे. दोन सेंटिमीटर मागे घेतली. चौऱ्याऐंशी. नव्वद. शहाण्णव. समालोचक प्रत्येक आकडा मोठ्याने सांगत होता आणि मी त्याला गप्प केलं नाही.

बाई उठली. "झालं?" म्हणाली. संध्याकाळी वॉर्डात जाऊन मी तिला महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत, एकही चुकलं नाही. "डॉक्टर, माझी परीक्षा का घेताय?" म्हणाली. मी जिन्यात जाऊन पाच मिनिटं बसून राहिले. तिचं काही झालं असतं तर मी काय करणार होते?

आता मुद्द्याचं. मॉनिटर वाजला नाही. टिकटिक उतरली नाही, अलार्म झाला नाही. एकतीस वर्षांत असं कधी घडलेलं नाही. हे नवे मॉनिटर अडीच वर्षांपूर्वी आले तेव्हापासूनच मला पटलेले नाहीत. जुन्यांचा आवाज कसा भरदार होता. यांचा सुईसारखा बारीक. पण आज तोही नव्हता. म्हणजे कुणीतरी बंद केला. सकाळी मशीन कुणी तपासलं? समालोचकाने. बोलायची बंदी कुणाला झोंबली? त्यालाच. आणि तो बाहेरून धावत का आला? आवाज बंद आहे हे त्याला ठाऊक असणार, त्याशिवाय कसा येईल?

मी सरळ विचारलं. "आवाज कुणी कमी केला?"

नळ्या आवरता आवरता थांबला. मग म्हणाला, "माझंच चुकलं, मॅडम. तुम्ही पाठवलंत तरी मी बाहेर जायला नको होतं."

ही कबुलीच झाली.

सोमवार, १६ मार्च

शनिवारी अहवाल लिहिला, आज अधीक्षकांना दिला. शुक्रवारी बैठक. तो कंत्राटावर आहे, जूनमध्ये कंत्राट संपतं. अधीक्षक म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." इतक्या सहज म्हणाले की मलाच कसंतरी झालं.

सिस्टर दुपारी माझ्या खोलीत आल्या. "मॅडम, तक्रार मागे घ्या."

"का?"

"तो वाईट माणूस नाही."

"सिस्टर, ओटीत वाईट माणसं चुका करत नाहीत. चांगलीच करतात. म्हणून तर समिती लागते."

हे वाक्य मला आवडलं. सिस्टरांना नसावं आवडलं. दाराशी जाऊन त्या पाठमोऱ्याच काहीतरी बोलल्या. मला नीट कळलं नाही. "काय?" असं पुन्हा विचारायचा कंटाळा आला. हल्ली दिवसातून किती वेळा विचारायचं?

सर्जनला विचारलं, तुम्हाला अलार्म ऐकू आला का? म्हणाले, "तो कायमच काहीतरी वाजत असतो हो. तुम्ही आहात म्हटल्यावर मी लक्ष देत नाही." म्हणजे यांचाही उपयोग शून्य.

एक गोष्ट मात्र टोचतेय. आवाज बंद करणारा माणूस दार फोडून आत येईल का?

बुधवार, १८ मार्च

यंत्रांची इंजिनियर आली होती. माझ्या मुलीच्या वयाची. शेवटची केस संपल्यावर ओटीत आम्ही दोघीच. एसी चालू, बाकी सगळं बंद. बाहेर सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या.

"मॅडम, मॉनिटर सगळं लिहून ठेवतो," ती म्हणाली. माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलत होती. बरं वाटलं. "त्या दिवशी आवाजाची पातळी आठ होती. दहापैकी. महिनाभर कुणी हात लावलेला नाही. आणि अलार्म एक मिनिट चाळीस सेकंद वाजलाय."

"शक्य नाही."

"वाजवून दाखवू?"

तिने एक तपासणीचं खोकं जोडलं. बटणाने आकडा खाली उतरवता येतो. मला एकदम जुने दिवस आठवले. म्हटलं, "थांब. मी भिंतीकडे तोंड करते. तू उतरव. आकडा मी सांगते."

भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. समोर माझाच कागद: अनावश्यक बोलणं बंद. एसी घरघरत होता. लांब कुठे डास असावा तसं काहीतरी होतं, तेही असेल-नसेल.

"कर सुरू," मी म्हटलं.

थोडा वेळ गेला.

"अगं, कर ना सुरू."

काहीच नाही. वैतागून वळले. पडदा लाल होता. अडुसष्ट. इंजिनियर बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती. आणि दारात मावशी उभ्या होत्या. पोछ्याची काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही कानांवर हात दाबले होते.

मी खूप वेळ त्यांच्या हातांकडेच बघत राहिले.

गुरुवार, १९ मार्च

कानाची तपासणी झाली. वरच्या पट्ट्या, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज, दोन्ही कानांतून गेल्यात, एका दिवसात नव्हे, वर्षानुवर्षं थोड्या थोड्या. तपासणारा म्हणाला, निम्मं बोलणं तुम्ही ओठांवरून ओळखत असणार. म्हणजे मास्क लावून कुणी पुटपुटत नव्हतं. मी वाचत होते ते त्यांचे ओठ झाकले जात होते, एवढंच.

दिवसभर ओठ वाचायचे आणि संध्याकाळी विचारायचं, मी एवढी का थकते.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "बेल कधी बिघडली होती?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "कधीच नाही."

"आणि कापूस?"

"तीसवर टीव्ही लावतेस, अगं. शेजारचे येऊन गेले दोनदा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू डॉक्टर. मला वाटलं, तुला कळत असेल, आणि त्यावर बोलायचं नसेल."

मी रडले. मोठ्याने रडले असेन, कारण त्याने उठून खिडकी लावली.

शुक्रवार, २० मार्च

तक्रार मागे घेतली. नवा अहवाल दिला. त्यात पेशंटच्या जिवाला धोका कुणामुळे झाला या रकान्यात माझं नाव लिहिलं. अधीक्षकांनी दोनदा वाचला. "एवढं स्पष्ट लिहायलाच हवं का?" म्हणाले. मी म्हटलं, "समितीचं प्रमुखपद तुम्हीच दिलंत, आता स्पष्ट लिहायची सवय करतेय." बसचालक बाई टाके दाखवायला आली होती, तिलाही सगळं सांगितलं. तिने हातातला केसपेपर घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "माझी दर वर्षी डोळ्यांची तपासणी होते. त्याशिवाय मुलांना बसवूच देत नाहीत. तुमची नाही होत?" नाही होत. तेही अहवालात घातलं.

ओटीतून माझं नाव काढलं. पुढे काय, माहीत नाही. कानातलं यंत्र यायला तीन आठवडे आहेत. त्यानंतर मला भूल देऊ द्यायची की नाही हे दुसरे कुणी ठरवतील. मला भीती वाटते की ते नाही म्हणतील. त्याहून जास्त भीती वाटते की भीडेखातर हो म्हणतील.

समालोचकाला खोलीत बोलावलं. सिस्टर न बोलावता आल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

"नवे मॉनिटर आले तेव्हापासून," तो म्हणाला. मास्क खाली ओढून, माझ्याकडे तोंड करून. "एकदा ऑक्सिजन उतरला आणि तुम्ही वळला नाहीत. मी सहज आकडा बोललो, तुम्ही लगेच वळलात. मग मी आणि सिस्टरांनी ठरवलं. मी बोलत राहायचं."

"मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार, मॅडम? तुम्ही आम्हाला तुमच्या कानांच्या गोष्टी सांगायचात."

मला राग आला. खरंच आला, उपकार मानायच्या आधी राग आला. "आणि एखाद्या दिवशी तू आजारी पडला असतास? घरी काही झालं असतं? तुझ्या एका तोंडावर माझे पेशंट टांगून ठेवलेत तुम्ही दोघांनी?"

सिस्टर म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. चुकलंच आमचं."

तो मात्र हळूच म्हणाला. त्याच्या ओठांकडे बघत होते म्हणून कळलं. "तुमच्या केसेसच्या दिवशी मी रजा घेतलेली नाही, मॅडम. अडीच वर्षांत एकही."

आईचा पहिला डोळा. तो बुधवार होता. बुधवार माझा.

मी काय काय लिहून ठेवलंय त्याच्याबद्दल या वहीत! पानं फाडून टाकावीशी वाटली. नाही फाडत, राहू देत. टेबलावरून रजेचा अर्ज घेतला, त्याचं नाव घातलं, २३ तारीख घातली, सही केली आणि त्याच्यापुढे सरकवला.

"सोमवारी मी नाहीये ओटीत," मी म्हटलं. "तू पण असू नकोस."

सोमवार, २३ मार्च

ऑपरेशनआधी पेशंट तपासायच्या खोलीत बसले. बिनमास्कची माणसं, बंद दार. अकरा जण तपासले. प्रत्येकाला आधीच सांगितलं, मला कमी ऐकू येतं, तोंड इकडे करून बोला. पहिल्याला सांगताना टेबलावरच्या कागदाकडे बघत होते. अकराव्याला सरळ तोंडाकडे बघून सांगितलं. पण थकले. पाय लांब करून बसलेय तशीच लिहितेय. नवऱ्याने टीव्ही बारावर लावलाय, खाली अक्षरं येतात. कापूस दिसत नाही.

ओटीतला कागद सिस्टरांनी काढून माझ्याकडे पाठवून दिला, नीट घडी घालून. एक शब्द लिहिला नाही सोबत.

बाराच्या सुमाराला मेसेज आला होता. समालोचकाचा, आईच्या दवाखान्यातून.

"मॅडम, आईला आत घेतलं. दाराच्या काचेतून मॉनिटर दिसतोय. अठ्ठ्याण्णव. नाडी चौऱ्याहत्तर. डॉक्टर पाठमोरे आहेत, पण ठीक वाटतात. आता सत्त्याण्णव. परत अठ्ठ्याण्णव."

मी लिहिलं, "बोलत राहा."